बुरडाची ठकू देवी कशी झाली

कोणे एके काळी, म्हणजे आपल्या खापरपणज्याच्या पणज्यालाही दात फुटले नव्हते तेव्हा, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाचं नाव आता कुणाला ठाऊक नाही, राजाचंही नाही. पण त्या गावाच्या कडेला एक बुरडीण राहायची आणि तिला ठकू नावाची एकुलती एक लेक होती, एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे.

ठकू रांगत होती तेव्हाच तिचा बाप गेला. उरल्या मायलेकी. दोघी मिळून बांबूच्या बेटातून कळक तोडून आणायच्या, चिरायच्या, सुपं-टोपल्या विणायच्या आणि बाजारात नेऊन विकायच्या.

ठकू कशी होती म्हणता? डावरी होती. त्यामुळे तिची वीण जगाच्या उलट जायची, आणि बाजारातल्या बाया टोपली नुसती फिरवून बघत नि म्हणत, "ही ठकीची हो!" पाटलाच्या झाडाच्या चिंचा चोरायची. पाटलाच्या चालण्याची नक्कल तर अशी करायची, की खुद्द पाटलीणबाई तोंडात पदर कोंबून हसायच्या. गाणं म्हणायला लागली की कावळे उडून जायचे. आईला फाडफाड उलट बोलायची, आणि घटकाभरानं तिच्याच मांडीवर डोकं टाकून झोपायची. सोळा वर्षांची होती. थोर म्हणावं असं तिच्यात काही नव्हतं. तिच्या आईला मात्र तिच्याशिवाय दिवस उगवत नव्हता.

एका साली पावसानं पाठ फिरवली. गावाची विहीर कोरडी ठणठणीत पडली. लोकांनी नवी विहीर खणायला घेतली, चाळीस हात खाली गेले, तरी लागतोय तो खडकच.

अशा दिवसांत बुरडिणीनं सणासाठी गुळाचा एक खडा गाडग्यात लपवून ठेवला होता. एका सकाळी बघते तर गाडगं रिकामं.

"ठके, गूळ कुठं गेला?"

"मुंग्यांनी नेला असंल."

"मुंग्यांच्या तोंडाला वास येत नाही गुळाचा. तुझ्या येतोय!"

"मग हुंगतीस कशाला?"

झालं! आधीच पोटात अन्न नाही, वर हे बोलणं. बुरडिणीचं डोकं फिरलं. "चालती हो घरातनं!" ती ओरडली. "पुन्हा तोंड दाखवू नकोस मला!"

"नाही दाखवणार जा! बस एकटी!" ठकूनं कोयती उचलली आणि तरातरा निघून गेली.

आता, घरोघरी मातीच्याच चुली. असली भांडणं तुमच्याकडे होत नसतील तर तुम्ही धन्य, मला गोष्ट सांगायला बसवू नका. एरवी काय होतं? दिवेलागणीला पोर गुमान परत येते, आई धुसफुसत भाकरी तिच्या पुढ्यात आपटते आणि भांडण तिथंच संपतं. त्या दिवशी दिवेलागणीला कळकाच्या बेटातून चार गड्यांनी ठकूला उचलून आणलं. पायाला नाग डसला होता. अंगणात ठेवली तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं.

आणि त्याच वेळी विहिरीकडून आरोळी आली, "पाणी लागलं! पाणी लागलं!"

सगळं गाव विहिरीकडे धावलं. बुरडिणीच्या अंगणात ती आणि तिची लेक दोघीच राहिल्या.

पुढचे बारा दिवस बुरडीण भिंतीला एकच गोष्ट विचारत होती. "माझ्यावर रागावून गेली का गं माझी पोर? मनात राग घेऊन गेली का?" भिंत काय सांगणार कपाळ!

तेराव्या दिवशी गावचा गुरव आला. पाटलालाही घेऊन आला. ज्या पाटलानं उभ्या जन्मात त्या दारात पाऊल टाकलं नव्हतं, तो अंगणात येऊन उभा राहिला.

गुरव म्हणाला, "बाई, तुझी लेक साधी नव्हती. तिनं आपला जीव दिला, म्हणून गावाला पाणी लागलं."

"साप चावला तिला, महाराज."

"साप कुणी धाडला?"

बुरडिणीनं वर आभाळाकडे पाहिलं.

"आम्ही तिचं देऊळ बांधणार आहोत," गुरव म्हणाला. "नाहीतर मेल्या माणसाला विचारतो कोण? वर्ष-दोन वर्षं लोक हळहळतात आणि मग आपल्या धंद्याला लागतात. माझ्या बापाचं नाव आज कोण घेतं, सांग! तुझ्या लेकीचं नाव मात्र शंभर वर्षं घेतील."

शंभर वर्षं! बुरडिणीच्या काळजाला ते जाऊन लागलं. तिला दुसरी भीतीच ती होती, की आपण मेलो की ठकू होती हे सांगायलाही कुणी उरणार नाही. तिनं मान डोलावली.

गुरवानं दौत-बोरू काढला. "देवी म्हटली की कहाणी हवी. सांग, कशी होती?"

"चिंचा लई आवडायच्या," बुरडिणीनं डोळे पुसत सांगितलं. "पाटलांच्याच झाडाच्या..." पाटलाकडे नजर जाताच ती थांबली.

"देवी चोरी करत नाही," गुरव म्हणाला आणि लिहिलं, 'देवीनं जन्मात दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला नाही.'

"डावरी होती."

"छे छे! डाव्या हातानं आशीर्वाद देतात का कुठं? बरं, गळा?"

"गळा मेलीचा फाटका," म्हणताना बुरडिणीला तेरा दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

'देवीचा गळा कोकिळेचा होता.' गुरवानं लिहून टाकलं. "आणि जाताना काय म्हणाली?"

बुरडीण कोसळलीच. रडत रडत तिनं गुळाचं सांगितलं, तोंड दाखवू नकोसचं सांगितलं, बस एकटीचंही सांगितलं. गुरवानं ऐकता ऐकता बोरू कानावर खोचला. मग म्हणाला, "नाही. देवी म्हणाली, 'आई, गाव तहानलेलं आहे. मला आशीर्वाद दे, मी जाते.'"

"असं नाही म्हणाली ती."

"आणि तू म्हणालीस, 'जा बाळ, सुखानं जा.'"

बुरडीण चुलीपाशी जाऊन बसली. विस्तव विझेस्तोवर तो काटकीनं उकरत होती. मग हळूच म्हणाली, "पुन्हा एकदा सांगा."

तिला नावं ठेवू नका. भाजलेल्यावर कुणी लोणी लावलं तर ते कुणाच्या गोठ्यातलं, हे कोण विचारत बसतं?

देऊळ झालं. मूर्ती घडवायला परगावचा पाथरवट आला. त्यानं ठकूला कधी पाहिलं नव्हतं, आणि कुणी तिच्याबद्दल त्याला काही विचारूही दिलं नाही. मूर्ती झाली मोठी सुरेख. टपोरे डोळे, चाफेकळी नाक, नाकात नथ, उजवा हात वर. ठकूचं नाक बसकं होतं, आणि नथ तिनं दुसऱ्याच्या नाकातच पाहिलेली.

घरात ठकूनं विणलेल्या चार टोपल्या होत्या. उलट्या विणीच्या. गुरव म्हणाला, "हे घरात दिसता कामा नये. लोक विचारतील, देवी डावरी होती की काय?" बुरडिणीनं दोन दिवस त्या उराशी धरल्या आणि तिसऱ्या दिवशी चुलीत घातल्या. चांगला वाळलेला कळक. छान पेटला.

पूर्वी बुरडिणीला पाणवठ्यावर सगळ्यांचं होईपर्यंत ताटकळत थांबावं लागे. आता नव्या विहिरीचा पहिला हंडा तिचा. पूर्वी "ए बुरडिणी" म्हणणारे आता "आईसाहेब" म्हणून वाकू लागले. दरवर्षी देवीच्या दिवशी देवळात आईसाहेबांनी बसायचं आणि कहाणी सांगायची. पहिल्या वर्षी 'जा बाळ, सुखानं जा' म्हणताना तिची जीभ अडखळली. तिसऱ्या वर्षी अडखळली नाही. सातव्या वर्षी तर कहाणी तोंडातून पाण्यासारखी वाहायला लागली, आणि रडायच्या जागी बरोबर रडूही येऊ लागलं.

दहावं वर्ष उजाडलं. त्या वर्षी कुंभाराची सारजा माहेरी आली होती. सारजा म्हणजे ठकूची जिवाभावाची मैत्रीण. ठकू गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सारजाचं लग्न लांबच्या मुलखात झालं, आणि त्यानंतर ती आत्ता पहिल्यांदा येत होती. बायकांबरोबर तीही देवळात जाऊन बसली.

आईसाहेब सांगत होत्या, "देवीनं जन्मात दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला नाही..."

आणि सारजा फसकन हसली. "अगं बाई! मावशी, मग पाटलाच्या चिंचा कोण पाडायचं? झाडावर ती नि खाली ओचा धरून मी!"

देवळातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. सारजाच्या ते ध्यानातही आलं नाही. दहा वर्षांनी मैत्रिणीबद्दल बोलायला मिळालं होतं, तिचे डोळे भरून आले होते. "आणि मावशी, तुमचं त्या दिवशी भांडण झालं ना, त्या दुपारी ती माझ्याकडंच आली होती की! मला म्हणाली..."

बुरडीण पुढं झुकली. दहा वर्षांपूर्वी भिंतीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथं हातभर अंतरावर बसलं होतं. 'काय म्हणाली गं?' एवढंच विचारायचं होतं.

"भांडण?" मागून पाटलाचा आवाज आला. "आईसाहेब, भांडण झालं होतं का?"

गुरव बघत होता. पाटलीणबाई बघत होत्या. देऊळभर माणूस बघत होतं. बुरडिणीला तो पहिला हंडा आठवला आणि त्याआधीचं ताटकळणंही आठवलं.

"माझी लेक माझ्याशी कधी भांडली नाही," ती म्हणाली. "ही बाई कोण, मी ओळखत नाही."

मग काय विचारता! लोकांनी सारजाला दंडाला धरून ओढलं, पायरीवर नाक घासायला लावलं आणि सगळ्यांसमोर म्हणवून घेतलं, "देवी कधी भांडली नाही. देवी माझ्याशी कधी बोलली नाही." तीनदा म्हणवून घेतलं. आईसाहेब आपल्या पाटावर बसून होत्या.

दुपारी घरी येऊन बुरडिणीनं दार लावलं. डोळे मिटून लेकीला आठवायला बसली, तर समोर नथ आली, टपोरे डोळे आले, वर केलेला उजवा हात आला. तिनं डोळे घट्ट मिटले, तरी तेच. तिनं लेकीचा आवाज आठवून पाहिला, तर कानात गुरव बोलत होता. घरभर शोधलं. लेकीच्या हातची एक काडी घरात नव्हती.

तेव्हा मात्र ती बाई उघड्या पायांनी कुंभारवाड्याकडे धावत सुटली.

सारजाच्या नवऱ्यानं गाडी जुंपली होती. सारजा डोक्यावरून पदर घेऊन गाडीपाशी उभी होती, नाकावरची साल निघाली होती.

"सारजे, माझी बाई! काय म्हणाली होती गं ती?"

"कोण, आईसाहेब?"

"अगं ठकू! माझी ठकी!"

सारजानं आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या दारांत माणसं उभी होती. "देवी म्हणाली, 'आई, गाव तहानलेलं आहे. मला आशीर्वाद दे, मी जाते.'"

"ते गुरवाचं झालं! तू खरं सांग. मला शिव्या घातल्या असतील तर त्या सांग. तिच्या तोंडचं काहीही सांग!"

"मला काही आठवत नाही, आईसाहेब. देवी माझ्याशी कशाला बोलेल?" सारजानं वाकून नमस्कार केला. अगदी देवळात करतात तसा. "आणि तुम्ही मला ओळखतही नाही."

गाडी निघाली. बुरडीण शिवेपर्यंत मागं धावली आणि मग वाटेतच बसली.

बरंच पुढं गेल्यावर नवऱ्यानं सारजाला विचारलं, "खरंच आठवत नाही तुला?"

"न आठवायला काय झालं?" सारजा म्हणाली. "त्या दुपारी आली ती गूळ घेऊनच. अर्धा खडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, 'आई लई तापलीय. बेटातनं चार सरळसोट कळक नेऊन टाकते तिच्यापुढं. कळक बघून तिचा राग पळतो. रात्री भाकरी देताना मोठी मलाच देईल बघ, नि वर म्हणेल, करपलीय ती, घे तूच.' असं म्हणाली आणि हसत हसत बेटाकडं गेली." एवढं बोलून सारजा जी रडायला लागली, ती सासर येईपर्यंत.

सारजानं ते सुनेला सांगितलं, सुनेनं लेकीला, आणि तसं ते आपल्यापर्यंत पोचलं. तुम्हाला कळलं, मला कळलं. ठकूच्या आईला मात्र कधीच कळलं नाही.

ती पुढं पुष्कळ जगली. दरवर्षी देवळात कहाणी सांगितली आणि एका शब्दानं कधी चुकली नाही. शेवटच्या दुखण्यात सारं गाव तिच्या उशापायथ्याशी बसलं होतं. तिनं एकेकाचा हात धरून विचारलं, "माझ्या लेकीला कुणी पाहिलंय का रे?"

"हो, आईसाहेब, पाहिलंय की!" म्हणत सगळ्यांनी देवळाकडे बोट दाखवलं.

म्हणून म्हणतो बाबांनो, गेलेलं माणूस त्याच्या खोड्यांसकट आठवावं. खोड्या पुसायला जाल तर माणूसच पुसलं जातं.