गच्च भरलेली बॅटरी

गाड्या पेट्रोल आणि वीज दोन्हींवर पळायला लागल्या, तेव्हाची गोष्ट. एका गाडीतली बॅटरीताई अगदी माझ्यासारखी, नवी चादर कपाटातून काढतानाही घाबरणारी.

घाट चढताना इंजिनदादा धापा टाकत म्हणाला, "ताई, जरा हात लाव गं. उतारावर परत भरशील."

"आणि नाही भरले तर?"

ती गच्च भरून बसून राहिली. दादा एकटाच धूर ओकत चढला.

उतार लागला. उतारावर फिरणाऱ्या चाकांतून वीज तयार होऊन धावत आली. "ताई, मला आत घे!" ती म्हणाली.

आत जागाच नव्हती. वीज आत गेली असती तर चाकांचा वेगही ओसरला असता; आता सगळा भार ब्रेकवर पडला. जळका वास सुटला. समोर वळण, खाली दरी.

"सुटतोय मी!" ब्रेक किंचाळला.

इंजिनदादाने दात आवळून चाकं धरली. गाडी कठड्याला टेकून थांबली.

पुढच्या चढाला बॅटरीताई आपणहूनच म्हणाली, "दादा, घे माझ्यातलं. थोडी रिकामी होऊ दे मला."