गोजराच्या शालूचा काठ

एका राज्यात राजाने एका मांत्रिकाला मुलगी देण्याचे नाकारले. मांत्रिकाने तिन्ही राजकन्यांचे पक्षी करून टाकले. उंचपुरी थोरली सारस झाली, अंगाने भरलेली मधली लांडोर, आणि ठेंगणी धाकटी मैना. उःशाप एकच होता: तिघींना असे पोशाख शिवावे की प्रत्येकीला तिचाच शोभेल, आणि तरी तिघी एका घरच्या दिसतील. शिंप्याला तीन संधी. तिन्ही चुकल्या की तो दगड. दरबाराचा शिंपी भिवाजी तिन्ही चुकला आणि सभेच्या दारात दगड होऊन उभा राहिला.

त्याची बायको गोजरा लग्नाचा शालू नेसून, हातात कात्री घेऊन आली. राजा म्हणाला, "बाई, घरी जा."

"महाराज, माझे घर दारात उभे आहे. कुठे जाऊ?"

राजाने तिन्ही पक्षी तिच्यापुढे आणवले. राजेलोकांना अशा वेळी दुसरे काही सुचत नाही.

पहिल्या खेपेस गोजराने काही म्हणून राखले नाही. तिन्ही पोशाख जरीने, मोत्यांनी, टिकल्यांनी मढवून काढले. मैना म्हणाली, "डोळा ठरावा कुठे?" गोजराचे पाय गुडघ्यापर्यंत दगड झाले. तिला रडू आले. रडत रडतच तिने सारी नक्षी उसवली.

मग ती पक्ष्यांकडे नुसती पाहत राहिली. सारसेच्या उंचीला आडवे पट्टे दिले, मैनेला उभ्या रेघा, लांडोरीला अंगासरशी पडणारे मऊ कापड. रंगही जिच्या तिच्या पिसांतले घेतले. एकेकटी पाहावी तर दृष्ट लागावी! पण तिघी शेजारी आल्या आणि लांडोर म्हणाली, "आम्ही तीन गावच्या वाटतो." दगड गोजराच्या कमरेपर्यंत चढला.

आता हात तेवढे उरले होते. तिघींतून एक काहीतरी वाहायला हवे होते, आणि ते काय हे तिला केव्हाच कळले होते. पण शिंप्यांच्या घरी लग्नाच्या शालूला कात्री लावत नाहीत. तो बाईबरोबर चितेवरच जातो. गोजराने एकदा दाराकडे पाहिले, पदर पुढे ओढला आणि शालूचा हिरवा काठ कापून काढला.

तो तिने थोरलीच्या पायाशी, घोळाला लावला, मधलीच्या कमरेला, धाकटीच्या गळ्याला. बाकी कुठे टाकाही वाढवला नाही. तिघी ओळीने उभ्या राहिल्या तशी ती हिरवी रेघ एकीच्या पायापासून निघून तिसरीच्या गळ्यापर्यंत चढत गेली.

"या माझ्या बहिणी," सारस म्हणाली, आणि पिसे गळून तिन्ही राजकन्या उभ्या राहिल्या. गोजराचे पाय मोकळे झाले. दारातला भिवाजी हलला. तो बायकोकडे आला आणि बिनकाठाचा शालू पाहून खाली बसला.

"मलाही सुचले होते," तो म्हणाला. "तुझ्या शालूला हात लावायला धजलो नाही."

"मग मी कुणासाठी नेसायचा होता तो?"

राजा बक्षिसाचे विचारत होता. भिवाजीने आधी सुई मागितली, आणि भर दरबारात तिच्या शालूची सुटलेली कड दुमडून शिवू लागला. त्या राज्यात सारे जागच्या जागी आले; ऐकणाऱ्यांच्या घरीही तसेच येवो.