ठकीचे पंख

फार मागे, माळावरचं गवतसुद्धा बोलत होतं तेव्हाची गोष्ट. ठकी नावाची वाळवी पंख फुटल्यावर वारुळातून उडाली. धोंडू नावाचा जोडीदार भेटला, तशी ती खाली उतरून स्वतःचे पंख मोडू लागली.

गवतावर टेकलेला एक चतुर पंख फडफडवत ओरडला, "अगं वेडे, पंख कुणी टाकतं का?"

"मला घर करायचंय, भाऊ. बिळात पंख आड येतात," म्हणत ठकीने उरलेला पंखही तोडला.

दोघांनी बीळ उकरून आतून लिंपून टाकलं. अंड्यांतून पिल्लं निघाली, पण आत खायला काहीच नव्हतं.

"दार उघडू या का?" धोंडूने विचारलं.

"बाहेर मुंग्या टपल्यात. मुळीच नाही!" ठकीने ठणकावलं. पंख हलवणारं पाठीतलं बळ अंगातच जिरवून, त्याचाच घास करून दोघं पिल्लांना भरवत राहिली.

पिल्लं मोठी होऊन कामाला लागली. वारूळ गवताच्या वर गेलं. त्याच्या शेंड्यावर बसून एकदा चतुर म्हणाला, "तुमची आई उडायची हो कधीकाळी!"

थोरली लेक धावत खाली आली. "आई, उडायचं तुझं ते बळ गेलं कुठं?"

ठकीने तिच्या तोंडाची माती पुसली.

"तूच खाल्लंस की गं, बाळे."