बंबातलं पाणी

"आणि पेटी भरलीच नाही तर, बुवा?"

"तर रिकामी राहील."

डोंगरावरच्या त्या मठात येऊन हेरंबाला तीन वर्षं झाली होती. केवलबुवांकडून कानमंत्र मिळावा, एवढ्यासाठी तो पाणी शुद्ध करायच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून आला होता. आणि आज बुवा म्हणाले होते, "काचेची नवी पेटी भर. जुन्या पेटीतले मासे तिच्यात सोड. मग मंत्र देतो."

मासे सात होते. ताटलीसारखे चपटे, कुणा भक्ताने आणून ठेवलेले. बोअरचं क्षाराचं पाणी त्यांना सोसत नसे, म्हणून बारीक पडद्यातून क्षार गाळणारं आरओचं यंत्र मठात आलं होतं. पण पौषाच्या गारठ्यात त्यातून नुसते थेंब येत.

"गार पाणी पडद्यातून लवकर जात नाही, बुवा. उन्हाळ्यात हेच यंत्र दुप्पट देतं."

"उन्हाळ्यात क्षारही जरा जास्त निसटतात, असं तूच मीटर बघून सांगितलं होतंस ना?"

"जरासेच."

"मग आत्ता बरं गाळलं जातंय की. घाई कुणाला आहे? माशांना का मला?"



दुसऱ्या दिवशी बुवा खालच्या गावात मयताला गेले. इकडे हेरंबाने बंब पेटवला. यंत्राला बोअरचं पाणी पुरवणाऱ्या पिंपात ऊन पाण्याची एक घागर ओतली. धार थोडी वाढली. दुसरी घागर अंमळ कढत. मग तिसरी… पडद्याला कोमट चालतं, कढत चालत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण धार एकाएकी अशी मोकळी सुटली, की तो एकटाच हसला.

दुपार कलायच्या आत पेटी काठोकाठ भरली. पाणी इतकं नितळ, की पेटी रिकामीच वाटावी. दिवेलागणीला ते निवून कोमट झालं, तसं त्याने उबेसाठी हीटर लावला, मासे सोडले आणि जुनी पेटी धुऊन अंगणात उपडी घातली.

सकाळी बुवा परतले. धुकं उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

"भरली, बुवा! आता मंत्र द्या."

बुवा दारातच थांबले.

सातही मासे एकाच काचेला लागून उभे होते. एकाचीही शेपटी हलत नव्हती. सात तोंडं एकदम उघडत होती. एकदम मिटत होती.

हेरंब डावीकडे सरकला. मासे वळले.

तो उजवीकडे गेला… मासे पुन्हा त्याच्याकडेच.

"मीटर लावलास?" बुवांनी विचारलं.

"पाणी बघा ना, बुवा. कसं काचेसारखं आहे."

"लाव."

त्याने आधी पिंपात मीटर बुडवला. नऊशे वीस. मग पेटीत. रोजच्या गाळलेल्या पाण्याला आकडा तिसाच्या वर जात नसे. आज तो चढत गेला, चढत गेला… आठशे नव्वदवर थांबला.

पडदा कधीच गेला होता. यंत्र मात्र कालपासून घुमतच होतं.

"जुन्या पेटीतलं पाणी?"

"ओतून दिलं…"

बुवांनी बाही सारली आणि हात पाण्यात घातला. एक मासा तळहातावर येऊन कुशीवर कलंडला. तोंडाची उघडझाप तेवढी चालू राहिली. बुवा त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवत राहिले, हळूहळू.

हेरंब पेटीपाशी खाली बसला.

"मंत्र नको मला, बुवा. यांना कसं वाचवू, तेवढं सांगा."

बुवांनी ओल्या हाताने हेरंबाचं डोकं धरलं आणि त्याचा कान काचेला टेकवला. काच तापलेल्या कपाळासारखी होती. पलीकडून सहा तोंडं हलकेच त्या कानापाशी आली.

"नीट ऐक," बुवा म्हणाले. "मंत्र ते केव्हाचे देतायत."