चातुर्मासात ओढलेला हँडब्रेक

"पण मी तर दादाला केव्हाच माफ करून टाकलंय. मग आता जायलाच कशाला हवं, बाबा?"

मठाचे गुरू असलेले बाबा ओसरीवर बसून वाळक्या काड्या मोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कधी केलंस माफ?"

"चार वर्षं झाली. आईच्या तेराव्याला सगळ्या भावकीसमोर दादा म्हणाला, तुझं तोंड पुन्हा दाखवू नकोस. मी काही बोललो नाही. मठात परत आलो, ध्यानाला बसलो आणि त्याच बैठकीत त्याला माफ केलं."

"त्याला कळवलंस?"

कळवायचं काय त्यात, असं अच्युतला वाटलं. माफी ही मनातली गोष्ट. ती काही पोस्टाने पाठवायची नसते.

सकाळीच पुतणीचा फोन आला होता. दादा कोल्हापूरला दवाखान्यात होता, हृदयाचं ऑपरेशन उद्या सकाळी होतं. डॉक्टर फार काही बोलत नव्हते. दादाने एवढंच विचारलं होतं, अच्युत येतोय का.

"गाडी काढ," बाबा म्हणाले.

"बाबा, मी इथूनच त्याच्यासाठी जप..."

"गाडी काढ."

आता गाडीविषयी सांगायला हवं. आंबा घाटाखालचा हा मठ लहान, माणसं पाच. चातुर्मासात मठाची शीव ओलांडायची नाही, हा इथला जुना नियम. पाच माणसांत तो सगळ्यांत कडक पाळायचा तो अच्युत. मठात येण्याआधी तो अकरा वर्षं पॉलिटेक्निकमध्ये यंत्रं शिकवत होता. ते दिवस आपण मागे टाकले असं तो म्हणायचा, मात्र आठवड्यातून दोनदा तरी म्हणायचा.

मठाची व्हॅन सेकंडहँड. एका रोपवाटिकेवाल्याकडून घेतलेली, तिच्या मागच्या बाजूला अजून मातीचा वास यायचा. आषाढात एकादशीच्या दिवशी अच्युतने ती ओट्याशेजारच्या उतारावर उभी केली. माणसांनी चार महिने हलायचं नाही, तर गाडीनेही नाही, असं त्याने ठरवलं. मग त्याने हँडब्रेकचा दांडा दोन्ही हातांनी ओढला. शेवटच्या दातापर्यंत. वर ताडपत्री टाकली आणि टपावर जास्वंदीचं एक फूल ठेवलं.

तेव्हा वाडीतला जीपवाला गुंडू कोकरे जवळच उभा होता. तो म्हणाला, "म्हाराज, पावसाळ्यात हँडब्रेक वडू नगासा. चाकाला दगुड लावा न् गेरात ठिवा. आमी समदी तसंच करतो."

अच्युतने त्याला हँडब्रेक कशासाठी असतो ते नीट समजावून सांगितलं. गुंडूने ऐकून घेतलं आणि तो घरी गेला.

त्यानंतर घाटाखाली चार महिने पाऊस पडला.

आज द्वादशी. चातुर्मास कालच सुटला होता. अच्युतने ताडपत्री काढली, बॅटरीच्या वायरी जोडल्या. पाचव्या खेपेला इंजिन लागलं. त्याने दांडा खाली केला, पहिला गेअर टाकला, क्लच सोडला.

व्हॅनने मागचं अंग खाली दाबलं आणि ती तिथेच बसली.

त्याने आणखी जोर दिला. इंजिन ओरडलं. जळका वास आला. गाडी वीतभरही हलली नाही.

अच्युतने इंजिन बंद केलं. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. इतकं बरं, की त्याची त्यालाच लाज वाटली. तरी तो ओसरीवर आला तेव्हा त्याचा चेहरा अगदी गंभीर होता.

"बाबा, चाकं जाम झालीत. मलकापुराहून मेकॅनिक आणावा लागेल. म्हणजे उद्या दुपार. आता देवाच्या मनातच नसेल तर..."

बाबा उठले. सत्तरी उलटलेला माणूस, पण उठताना कशाला टेकत नसत. ते गाडीपाशी आले आणि दारातून वाकून बघितलं.

"दांडा खाली हाय?"

"पूर्ण खाली आहे."

"मग धरलंय कुणी?"

हा प्रश्न अच्युतच्या विषयातला होता. त्याने हात मागे बांधले.

"असं आहे बाबा, दांडा इथे आणि पकड तिकडे, मागच्या चाकांच्या ड्रममध्ये. ब्रेक ओढला की आतले लायनर, म्हणजे ब्रेकच्या पट्ट्या, ड्रमला जाऊन घट्ट बसतात. पुष्कळ दिवस तसेच राहिले, त्यात पाणी गेलं, की गंज चढतो आणि ते जागीच चिकटतात. मग आपण दांडा सोडतो, तार सैल होते, आपल्याला वाटतं सोडलं. पण आत काही सुटलेलंच नसतं. दांडा खाली केला म्हणजे चाक सुटलं असं..."

तो थांबला.

बाबा चाकाकडे बघत होते.

"असं काय?" त्यांनी विचारलं.

"... असं नाही."

ओढ्याचा आवाज येत होता. अच्युतचे मागे बांधलेले हात केव्हा सुटले, त्याला कळलं नाही.

"दोन दगड आण," बाबा म्हणाले. "जॅक आण. हातोडी, न् लाकडाचा एक तुकडा."

पुढच्या चाकांना दगड लावले. मागचं डावं चाक जॅकवर उचललं, नट काढले, चाक बाजूला ठेवलं. आतला ड्रम गंजाने तांबडा झाला होता. संन्याशाला पूर्वीचं आयुष्य विचारायचं नसतं, त्यामुळे बाबा आधी काय करत होते हे मठात कुणालाच माहीत नव्हतं. पण त्यांनी गोणपाट अंथरलं, लाकूड ड्रमवर धरलं आणि न बघता बरोबर जागी हातोडी टेकवली. अच्युत बघत राहिला.

टक. टक. थोडं पुढे सरकून पुन्हा टक.

"मी मारतो," अच्युत म्हणाला. त्याने हातोडी घेतली आणि खांद्यापासून उचलून दणका घातला. लाकडाचा टवका उडाला. दुसरा दणका घालायला हात वर गेला, तो बाबांनी मनगट धरलं.

"कुणावर रागावलायस?"

अच्युतने हातोडी खाली घेतली.

"हळू मार. सगळीकडनं मार. एकाच जागी न्हाई."

तो हळू मारू लागला. वर, खाली, कडेला. ड्रमच्या फटीतून गंजाची भुकटी गोणपाटावर पडू लागली. अर्ध्या तासाने ड्रम हाताने फिरला. उजव्या चाकाला मात्र तासभर मारून काही झालं नाही.

ऊन डोक्यावर आलं. कोल्हापूर अडीच तासांवर होतं, आणि संध्याकाळी सहानंतर दादाला कुणालाच भेटू देणार नव्हते. सकाळपासून पहिल्यांदाच अच्युतने स्वतःहून घड्याळ बघितलं.

"बाबा, हे नाही निघत."

"चाक चढव. दगड काढ. बस गाडीत."

त्याने तसं केलं.

"मागं घे," बाबा म्हणाले.

"रस्ता पुढे आहे, बाबा."

"ठाऊक हाय. मागं घे. हळू."

त्याने रिव्हर्स टाकला आणि क्लच सावकाश सोडला. गाडी चार बोटं मागे सरकली आणि अडली.

"आता पुढं."

चार बोटं पुढे.

"मागं."

असं किती वेळा झालं, त्याने मोजलं नाही. मागे, पुढे, मागे. या जाण्यायेण्यात त्याला आईचं अंथरूण आठवत होतं, जे त्याने पाहिलेलंच नव्हतं. भाद्रपदात ती आजारी पडली. तिने दोनदा निरोप पाठवला. चातुर्मास आहे, असं त्याने दोन्ही वेळा कळवलं. कार्तिक लागला त्याच दिवशी ती गेली. नियम सुटल्यावर तो निघाला आणि बरोबर तेराव्याला पोहोचला.

मागच्या चाकातून खट्ट आवाज आला. गाडी एकदम मोकळी झाली आणि उतारावरून मागे निघाली. अच्युतने पायाचा ब्रेक दाबला. ती थांबली.

"पायाचा लागतोय?" बाबांनी विचारलं.

"लागतोय."

"अंगणात एक फेरी मार. परत दाबून बघ."

त्याने फेरी मारली, दोनदा ब्रेक दाबून बघितला आणि गाडी बाबांच्या समोर आणून उभी केली. इंजिन चालूच होतं. तो खाली उतरला नाही. स्टिअरिंग धरून बसून राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बाबा, दादाला मी कसली माफी देणार. आईने बोलावलं, तेव्हा मी तुम्हांला विचारलंच नव्हतं."

"न्हाई विचारलंस."

"तुम्ही जा म्हणाल, अशी भीती वाटली."

"म्हणालो असतो."

बाबा हाताचा गंज गोणपाटाला पुसत होते. अच्युतने बाहीने तोंड पुसलं, पहिला गेअर टाकला. मग पुन्हा न्यूट्रल केला.

"समजा मी तिथे पोहोचलो आणि दादा बोललाच नाही... भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, तर?"

"तर तिथंच थांब," बाबा म्हणाले. "हँडब्रेक न ओढता."