सुपडामायनं शिवलेली पानं

तालुक्याला अजून मोटार जात नव्हती, बैलगाडीनं सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला पोचायचा, तेव्हाची ही गोष्ट. वर्धा नदीच्या अलीकडे जांभूळधरा नावाचं गाव होतं आणि गावात एक वाचनालय होतं. वाचनालय म्हणजे काय, तर एक कौलारू खोली, पुढे ओसरी आणि आत तीन कपाटं. एका मास्तरांनी ते उभं केलं होतं. मास्तर वारले आणि किल्ली कोणाकडे द्यायची यावर गावातल्या शहाण्यांची आठ दिवस खडाजंगी झाली. तोवर किल्ली झाडलोट करणाऱ्या सुपडामायच्या कमरेला होती. शहाण्यांचं काही ठरलं नाही, आणि किल्ली तिथेच राहिली.

सुपडामायला एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण तिनं एक रीत घातली. पुस्तक परत आणणाऱ्यानं ओसरीवर बसायचं आणि त्यात काय आहे ते तिला सांगायचं. सांगून झालं की ती विचारायची, “आता हे कोनाले देऊ?” सांगणारा एखादं नाव घ्यायचा. कधी ती मान डोलवायची, कधी दुसरंच नाव काढायची. असं करत तीनशे बारा पुस्तकं तिच्या डोक्यात जाऊन बसली. पुठ्ठ्यावरून हात फिरवला की कोणतं पुस्तक ते तिला कळायचं.

अंधाराला भिणाऱ्या लेकराला ती घुबडाच्या चित्रांचं पुस्तक द्यायची. मिसरूड फुटल्यावर बापाशी बोलणं टाकलेल्या पोराला समुद्रातल्या वादळाचं द्यायची आणि पाठोपाठ तेच त्याच्या बापाला वाचायला लावायची, म्हणजे निदान जेवताना दोघांना बोलायला काहीतरी व्हायचं. माहेरच्या आठवणीनं रडणाऱ्या सुनेला ती पोट धरून हसवणारं पुस्तक द्यायची, आणि तिच्या सासूला चांगलं जाडजूड, म्हणजे सासू चार दुपारी गुंतून राहील. चुकीच्या माणसाच्या हाती पडलेलं पुस्तक वाटेतच जड व्हायचं आणि तो माणूस अर्ध्या रस्त्यातून परत फिरायचा, असं म्हणतात. खरंखोटं त्या पुस्तकांना ठाऊक.

एका माघात शहरातून नव्या पुस्तकांची पेटी आली. नवं पुस्तक म्हणजे अजून कोणी न सांगितलेलं पुस्तक. ते पहिल्यांदा वाचायचा मान सुपडामाय द्वारकेला द्यायची. द्वारका चौदा वर्षांची, आणि गोष्ट सांगावी तर तिनंच. ती सांगायला लागली की चुलीवरचं दूध उतू जायचं तरी बायका उठायच्या नाहीत. सुपडामायनं पेटीतलं एक तपकिरी पुस्तक तिच्या हातात ठेवलं. द्वारकेनं घरी जाऊन उघडलं तर आत खड्डे, शेणखत आणि संत्र्याची कलमं. कुठे राजा नाही की चोर नाही. तिनं ते मिटलं आणि आठ दिवस ताकाच्या माठावर झाकण म्हणून ठेवलं.

नवव्या दिवशी ओसरीवर बसल्यावर तिला लाज वाटली. आपल्याला मान दिला आणि आपण वाचलंच नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून तिनं एक गोष्ट जुळवून सांगितली. एक बाप असतो, त्याचा मुलगा रागावून घर सोडून जातो, आणि शेवटच्या पानावर परत येतो. सुपडामायनं डोळ्यांना पदर लावला. त्या दिवशी तिनं ‘कोनाले देऊ’ हे विचारलंसुद्धा नाही.

शेवटच्या पानावर मुलगा परत येतो, एवढं सांगून तिनं ते पुस्तक लहानूजींना दिलं. लहानूजींचा मुलगा सुखदेव सहा वर्षांपूर्वी बैल विकण्यावरून भांडून गेला होता. ना पत्र, ना निरोप. तेव्हापासून लहानूजी नुसते दारात बसून असायचे. कोणी हाक मारली तर हुं म्हणायचे, तेवढंच. शाळा दोन इयत्तांची, तरी त्यांनी पुस्तक घेतलं. घराला वाळवी लागली होती, पुस्तक तिथे टिकलं नसतं, म्हणून ते रोज दुपारी वाचनालयाच्या ओसरीवर येऊन एक पान वाचायचे, अक्षराखाली बोट धरून, आणि पुस्तक कपाटात ठेवून जायचे.

द्वारकेला हे कळलं आणि तिनं वाचनालयाची वाटच सोडली. पण वैशाखात एकदा ती लहानूजींच्या घरावरून गेली आणि पाहते तर काय, म्हातारा खड्डा खणत होता. अंगणात सहा खड्डे तयार होते, सातवा चालू होता. तिला पाहून लहानूजी आपणहून बोलले.

“पोरी, त्या पुस्तकातला बाप मोठा धीराचा हाय. पोरगा येईस्तोवर खड्डे खंदून ठेवते. मी सहा वर्सं नुसता बसून राह्यलो. आता अकरा पानं राह्यली. पोरगा याले पायजे आता.”

द्वारका तशीच पळत ओसरीवर आली आणि रडत रडत सगळं ओकून मोकळी झाली. सुपडामायनं हातातली केरसुणी खाली ठेवली.

“मी तुया तोंडानं वाचतो, पोरी,” ती म्हणाली. “तुवं तोंड खोटं निंगालं, तं मी आंधळी झाली.”

मग तिनं द्वारकेला लहानूजींना खरं सांगून यायला पाठवलं. द्वारका गेली. लहानूजी खड्ड्यात शेणखत भरत होते आणि गुणगुणत होते. ती कुंपणापाशी उभी राहिली आणि तशीच परत आली. सांगणं काही तिच्याच्यानं झालं नाही. सुपडामायनं तिच्याकडे पाहिलं आणि ओळखलं. अकरा पानं म्हणजे अकरा दिवस. तेवढ्या दिवसांत द्वारकेनं तो मुलगा त्या पुस्तकात आणायचा, असं सुपडामायनं ठरवून टाकलं.

द्वारकेनं मोठ्या अक्षरात लिहायला घेतलं. आधी तिनं मुलाला घोड्यावरून आणलं, जरीचा फेटा बांधून. सुपडामायनं ऐकलं आणि रागावून गेलेलं पोर असं वाजतगाजत येत नसतं म्हणून पान फाडायला लावलं. मग तिनं त्याला रडत आणलं, तेही फाडलं. सहाव्या वेळी, बाराव्या दिवसाच्या सकाळी, सुपडामाय उठून गोधडीची सुई आणि दोरा घेऊन आली. ती चार पानं तिनं पुस्तकाच्या शेवटी अशी शिवली की सुई टोचल्याचं भोकसुद्धा दिसत नव्हतं, असं म्हणतात.

त्याच दुपारी लहानूजी ओसरीवर आले. खड्ड्यांत आता सात कलमं होती, गुडघ्याएवढी. द्वारका खांबाआड उभी होती. म्हातारा बोट धरून मोठ्यानं वाचू लागला, आणि त्या दिवशी एका पानावर थांबला नाही. त्यात लिहिलं होतं की मुलगा दुपारचा आला. घरात शिरायला त्याला धीर होईना. तो झाडांपाशी थांबला आणि परक्यासारखा म्हणाला, ही झाडं कोणाची? आणि बाप म्हणाला, तुझी.

तेवढं वाचून लहानूजींचं बोट थांबलं. त्या वेळी ओसरीभर संत्र्याच्या बहराचा वास सुटला, असं म्हणतात, आणि कलमांना तर अजून धड पालवीही नव्हती. लहानूजींनी पानावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला शाई लागली. त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं, मग खांबाकडे पाहिलं. द्वारकेला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं.

“शाई ओली हाय अजून,” लहानूजी म्हणाले. “म्हंजे यायचाच हाय तो.”

त्यांनी पुस्तक मिटून सुपडामायच्या हातात दिलं. तिनं रीतीप्रमाणे विचारलं, “आता हे कोनाले देऊ?”

“माह्या सुखदेवाले,” लहानूजी म्हणाले. “तो येईस्तोवर, जो येईल त्याले.”

पुढे झाडं धरली. सहाव्या की सातव्या वर्षी भर दुपारी एक माणूस गावात आला, दाढी वाढलेली, पायात चप्पल नाही. लहानूजींना तेव्हा डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. माणूस कुंपणापाशी थांबला आणि ही झाडं कोणाची म्हणून विचारू लागला. लहानूजींनी त्याचं नाव विचारलं नाही. त्यांनी फक्त उत्तर दिलं. तो सुखदेवच होता, असं निम्मं गाव म्हणतं. निम्मं म्हणतं, तो कोणी वाट चुकलेला होता. पण तो राहिला आणि त्यानं म्हाताऱ्याला शेवटपर्यंत सांभाळलं, यावर दोन्ही निम्म्यांचं एकमत आहे.

सुपडामायनंतर किल्ली द्वारकेच्या कमरेला आली. आजही जांभूळधऱ्यात पुस्तक परत करताना ते पुढे कोणाला द्यायचं ते सांगावं लागतं. न वाचता सांगितलेली गोष्ट पकडली गेली तर शिक्षा नाही, पण ती लिहून आणावी लागते. अशा वह्यांचं तिथे एक वेगळं कपाट आहे. त्याला सुपडामायचं कपाट म्हणतात, आणि पोरं सगळ्यात आधी तेच उघडतात.

तपकिरी पुस्तकाचा दोरा तीनदा बदलला आहे. गावात कोणी परका आला तर आधी त्याला पाणी देतात, मग संत्रं, मग ते पुस्तक, आणि नाव सगळ्यात शेवटी विचारतात. आणि त्यानं सहज जरी म्हटलं की ही झाडं कोणाची, तरी रस्त्यानं जाणारं शेंबडं पोरसुद्धा थांबून सांगतं, “तुमचीच.”