फुलांआड गेलेली फुली

छोट्या दोस्तांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक साळिंदर राहत असे. पाणवठ्यांकडे जाणाऱ्या तीन वाटा जिथे फुटत, तिथे एक सपाट खडक होता. साळिंदर रोज पहाटे तिन्ही वाटा फिरून येई आणि पांढऱ्या मातीने खडकावर खुणा करी. पाणी असलेल्या वाटेला गोल, शिकाऱ्यांनी फासे लावलेल्या वाटेला फुली. जनावरे खडकाकडे बघत आणि पुढे जात.

एकदा पलीकडच्या जंगलातून एक पोपट आला. खडक पाहून तो हसलाच. "अजून असाच उघडाबोडका? आमच्याकडे सगळे खडक सजलेत. वेली झुलतात, पिसं चमकतात, बघणारा जागचा हलत नाही!"

साळिंदर वरमले. आपण फार मागे राहिलो, असे त्याला वाटू लागले. आठ दिवस खपून त्याने खडकावर पळसाची फुले चिकटवली, मोरपिसे खोचली, वरून वेली सोडल्या. खुणाही बारीक नक्षीत गुंफल्या. वारा आला की सारे झुलू लागे. खडकापुढे ही गर्दी जमली! "काय देखणं काम आहे!" असे जो तो म्हणू लागला. साळिंदर सुखावून गेले.

चौथ्याच दिवशी डाव्या वाटेवरून किंकाळी ऐकू आली. साळिंदर धावले. एका हरिणीचा पाय फासात अडकला होता आणि तिचे पाडस बाजूला थरथरत उभे होते. साळिंदराने दातांनी दोर कुरतडून तिला सोडवले.

"अगं, या वाटेला मी आज फुली केली होती. खडक बघितला नाहीस?"

"बघितला रे दादा," हरिणी धापा टाकत म्हणाली. "पुन्हा पुन्हा बघितला. वेल बाजूला सारली की पीस आडवं येई. मग वाटलं, सगळे एवढं कौतुक करतात, म्हणजे मलाच समजत नसेल. विचारायची लाज वाटली. बाळ तहानेनं रडत होतं, म्हणून निघाले."

सूज आलेल्या त्या पायाकडे साळिंदर बघत राहिले. मग परत जाऊन त्याने खडकावरचे सारे ओरबाडून काढले.

"एवढी मेहनत वाया घालवलीस!" पोपट ओरडला.

"मेहनत कुणासाठी करायची, तेच मी विसरलो होतो," साळिंदर म्हणाले आणि त्याने ओली पांढरी माती हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी हरिणी लंगडत आली. तिने मान वर करण्याआधीच पाडस ओरडले, "आई, पाणी उजवीकडे आहे!" आणि टुणटुण उड्या मारत ते पुढे धावलेसुद्धा.

तात्पर्य : दुकानाची पाटी असो की वेबसाइट, जे लोकांच्या उपयोगासाठी बनवायचे, त्याच्या उपयोगाआड सजावट येऊ देऊ नये. आणि पाहणारा चुकला, तर त्याला दोष देण्याआधी आपली खूण नीट दिसते का, ते तपासावे.